टीपॉयवरची विहीर

अहो, तुम्ही ऐकत नाही हे मला ठाऊक आहे. जिवंतपणीही ऐकत नव्हता, त्यामुळे मला फारसा फरक जाणवत नाही. मेल्यावर काही उरत नाही, आत्मा नाही, वरून कोणी बघत बसत नाही, हे तुम्ही जन्मभर सांगत आलात. मीही तेच मानते. तरी तुम्ही गेल्यावरच्या जलदानाच्या विधीला, पाणी भांड्यातून भांड्यात ओतत असताना आणि सगळे हात जोडून बसलेले असताना, माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: आपलं भांडण अर्धं राहिलं. आता ते कुणाशी पुरं करू?

भांडण विहिरीचं. आपल्या वस्तीच्या, बुजवलेल्या विहिरीचं. तुम्ही म्हणालात, ती कुणाला दाखवायची नाही. आणि गेलात. तिकडं आपल्या नातीला, सुमेधाला, ती कॉलेजात दाखवायची होती. तुमचा 'न्हाई' माझ्या घरात असा ठेवून गेलात, की पाळावा तर पोरगी मोडते आणि मोडावा तर तुम्ही. माणसानं असं करू नये. निदान बायकोला सांगून तरी मरावं, की नेमकं काय म्हणायचं होतं.

सुरुवात किती हसत झाली होती, आठवतं का? कलबुर्गीला डिझाइन शिकायला गेलेली पोरगी सुट्टीला आली ती लॅपटॉप आणि एक खूळ घेऊन. फोनमधून बघितलं की नसलेली वस्तू समोरच्या जागेत उभी राहिलेली दिसते. ऑगमेंटेड रिॲलिटी. त्यांना नुकतं शिकवायला लागले होते. तुम्ही लगेच त्याचं नाव 'आगाऊ' ठेवलंत. "काय म्हनतंय तुझं आगाऊ?" असं सकाळ-संध्याकाळ विचारायचात.

पहिला धडा एका निळ्या ठोकळ्याचा होता. तो आपल्या बैठकीतल्या फरशीवर उभा करायचा, बस्स. नात येणार म्हणून मी ती शहाबादी फरशी रॉकेलच्या बोळ्यानं पुसून आरशासारखी केलेली. सुमेधा फोन धरून घरभर फिरली, वाकली, बसली, शेवटी रडकुंडीला आली.

"आजी, तू कामून एवढी पुसलीस? फोनला जमीनच सापडंना."

"सापडंना म्हंजे? पायाखाली हाय की!"

"त्याला खुणा लागत्यात. डाग, भेगा, कायतरी. गुळगुळीत असलं की त्याला काहीच कळत न्हाई."

तुम्ही खुर्चीतून म्हणालात, "म्हंजे तुझ्या आजीवानीच. सरळ असंल तर कळत न्हाई, खुसपट लागतंय."

मी सुपातली मूठभर ज्वारी उचलली आणि फरशीवर भिरकावली. निम्मी तुमच्या अंगावर. पण फोनला जमीन सापडली! ज्वारीच्या दाण्यांत निळा ठोकळा उभा राहिला, आणि मी जाऊन त्यावर बसले. सुमेधा किंचाळली, "आजी, तू आतून निळी दिसायलीस!" हसता हसता तुम्हाला धाप लागली. त्या धापेकडं मी तेव्हा लक्ष दिलं नाही.

मग त्यांच्या सरांनी काम दिलं: पूर्वी होती आणि आता नाही अशी एक वस्तू शोधा आणि तिच्या जागेवर उभी करा. तिच्याबरोबरच्या कुणी पाडलेलं थिएटर घेतलं, कुणी तोडलेलं झाड. सुमेधानं आपल्याला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "आपली विहीर कर की." हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. विहीर मी नाही सुचवली. पोरीनं नाही सुचवली. तुम्ही सुचवलीत.

आणि काय उत्साह! अंगणात उकिडवे बसून खडूनं काढून दाखवलंत. वर काळी माती, मग मुरूम, मग खडक. मामंजी आणि वस्तीतली माणसं दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायची आणि उरलेल्या वेळात खणायची. तुम्ही एवढेसे, डोक्यावर टोपलं, मुरूम वर आणून टाकायचात. तुम्ही सांगत होता आणि सुमेधा लॅपटॉपवर एकेक दगड रचत होती. मला मात्र तुम्ही बोलूच देत नव्हता.

"खाचा कुठं हायत?" मी विचारलं.

"कसल्या खाचा?"

"काठाच्या दगडावर दोरानं पडलेल्या. आमचे हात सोलून निघाले तवा पडल्या त्या. खणली तुम्ही. शेंदली कुणी?"

सुमेधानं खाचा घातल्या. मी सांगितल्या तेवढ्या खोल.

त्या दिवशी पोरीनं मला विचारलं, आजी, तू पहिल्यांदा पाणी शेंदलंस तेव्हा कसं वाटलं? बिचारीला काहीतरी थोर ऐकायचं होतं. काय सांगू तिला! मी उदगीरची, मॅट्रिक नापास, तोंड मात्र डबल ग्रॅज्युएट. आमच्या गल्लीत नळ होता. नवी नवरी पहिल्याच सकाळी निघाली ती उंच टाचेची चप्पल घालून, कोपरापर्यंत बांगड्या, आणि बायकांना दाखवायचं म्हणून एकदम मोठी घागर. दोर असा झोकात सोडला की घागर, दोर, सगळं खाली. पाठोपाठ एक चप्पल. बायका तोंडात पदर कोंबून उभ्या, आणि ही शहाणी काठावर वाकून चपलेला हाका मारतेय! तुम्ही गळ टाकून घागर काढलीत. चप्पल तिथंच राहिली. सुमेधा म्हणाली, "ती पण दाखवू का?" मी म्हटलं, दाखव, तळाला ठेव, तुझ्या सरांना सापडली तर पास कर म्हणावं.

विहीर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खरंच 'उभी' राहिली. फरशीवर, एखाद्या पिंपासारखी. सुमेधाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, "ही विहीर न्हाई बाई, ही पाण्याची टाकी झाली." तिनं समजावलं: फोन खऱ्या जमिनीला भोक पाडू शकत नाही, त्याला फसवावं लागतं. विहिरीच्या बाहेरून न दिसणारं कापड गुंडाळायचं. त्या कापडामागचं सगळं फोन झाकून टाकतो, आणि मग फक्त वरचं तोंड आणि आतली खोली तेवढी दिसते. ते कापड गुंडाळायला तिला कितीतरी दिवस लागले. कधी अर्धी विहीर गायब, कधी काठ हवेत. पण एके दिवशी फरशीला खरंच भोक पडलं. तुम्ही फोन हातात घेऊन बघत राहिलात. नंतर नातीच्या डोक्यावर हात ठेवलात आणि बाहेर गेलात. मला वाटलं, झालं. आता काही बिघडणार नाही.

आणि मग शिवाण्णा आले.

हे वाचणाऱ्याला शिवाण्णा ठाऊक नसतील. आळंदचे. तुम्ही कंडक्टर, ते ड्रायव्हर. बिदर-आळंद गाडीवर निम्मं आयुष्य दोघांनी एका डब्यात जेवण केलं. रिटायर झाल्यावरही अधूनमधून यायचे. यायचे आणि दारातूनच "मुंदे होगी, मुंदे होगी", पुढं सरका, अशी गाडीतल्या तुमच्या ओरडण्याची नक्कल करत आत शिरायचे. मला अक्का म्हणायचे, चहात साखर नको म्हणायचे आणि दोन वेळा मागून घ्यायचे.

सुमेधाला कुणाला तरी दाखवायची घाई झालेली. खुर्चीत बसलेल्या म्हाताऱ्यांना वाकायला नको म्हणून तिनं विहीर बारकी केली. परातीएवढी. आणि तुमच्या दोघांच्या मधल्या टीपॉयवर ठेवली, चहाच्या कपांच्या शेजारी.

"अरे वा!" शिवाण्णा फोनमध्ये डोकावले. "ये तो बावडी है रे कंडक्टर! पानी कम है लेकिन." आणि हातातल्या पेल्यातलं उरलेलं पाणी टीपॉयवर ओतलं. "घे पोरी, भरली तुझी विहीर."

आम्ही सगळे हसलो. तुम्हीसुद्धा. मी बघितलं, हसलात.

"कुठली बावडी ही?" त्यांनी विचारलं.

सुमेधा सरळ उभी राहिली. सरांपुढं बोलायचं तिनं पाठ केलं होतं, तेच सुरू केलं. "आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. बायका घागर ठेवून लांब उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतलं तर पाणी, न्हाई तर रिकामी घागर. म्हणून माझ्या पणजोबांनी आणि वस्तीतल्या माणसांनी..."

तुम्ही फोनवर हात ठेवलात. आख्खा पंजा.

"बंद कर."

"आबा, अजून पुढं..."

"बंद कर म्हनलं न्हवं!"

टीपॉयवरचं पाणी काठावरून खाली गळायला लागलं होतं. शिवाण्णा हातातल्या पेल्याकडं बघत होते, तो आता कुठं ठेवायचा ते त्यांना कळत नव्हतं.

"ही विहीर कुणाला दाखवायची न्हाई," तुम्ही म्हणालात. "इथं न्हाई. कॉलेजात न्हाई. कुठंच न्हाई."

शिवाण्णांनी पेला अलगद खाली ठेवला, जमिनीवर. "येतो अक्का," म्हणाले. "गाडीचा टाइम झाला." त्या वेळेला कुठलीच गाडी नसते. सगळ्या गाड्यांच्या वेळा तुम्हा दोघांना तोंडपाठ. तुम्ही 'थांब' म्हणाला नाहीत. ते गेले, आणि फाट्यावर उन्हात किती वेळ उभे राहिले असतील, देव... कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधा कलबुर्गीला गेली. तुम्ही तिला फाट्यापर्यंत सोडायला गेला नाहीत. गाडी गेल्याचा आवाज आला आणि मी तोंड सोडलं.

"सुचवली कुणी?"

"तवा मला काय ठाऊक, ती एवढुशी करून शिवाण्णापुढं ठेवंल."

"बारकी केली म्हनून राग आला, का शिवाण्णापुढं ठेवली म्हनून?"

तुम्ही एक गाल उरकून दुसऱ्याला दाढीचा साबण लावत होता. ब्रश थांबला. "मी त्या माणसाबरोबर एका डब्यात जेवलोय. इतकी वर्सं. आता डबा उघडला की त्याला विहीर दिसंल."

"दिसू द्या की. त्याला काय ठाऊक नसंल? त्यो काय चंद्रावरून आला?"

"ठाऊक असनं एगळं. माझ्या घरात, माझ्या नातीच्या तोंडून... त्याला माझी कीव येईल. मला त्याची कीव नको."

"म्हंजे तुम्हाला लाज वाटती."

"मला कामून लाज वाटंल? लाज त्यांला वाटावी."

"मग?" मी म्हणाले.

तुम्ही ब्रश खाली ठेवलात. अर्धी दाढी तशीच पुसून, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर गेलात. अर्ध्या दाढीनं गावभर फिरलात असं नंतर कळलं. त्या तोंडावर मी एरवी आठवडाभर हसले असते. त्या भांडणातला शेवटचा शब्द माझा होता, आणि त्याचा आता मला काही उपयोग नाही.

त्यानंतर घरात विहिरीचं नाव निघालं नाही. शिवाण्णांचा फोन आला नाही, तुम्हीही केला नाही. सुमेधाचा आला, तो तुम्ही उचललात आणि "आजीसंगं बोल" म्हणून माझ्याकडं दिलात. रागानं नाही, मला ठाऊक आहे. तुम्हाला काय बोलावं सुचत नव्हतं. पण फोनच्या त्या टोकाला असलेल्या पोरीला ते कसं कळावं? तेवढंच तिच्याजवळ राहिलं. "आजीसंगं बोल." पुढच्या वेळी ती आली तेव्हा तुम्ही पांढऱ्या कपड्यात होता.

ती रडली नाही. मला त्याचीच भीती वाटली. पै-पाहुण्यांना पाणी देत होती, पत्रावळ्या उचलत होती. जलदान झालं, माणसं पांगली, तेव्हा कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली. मी मागून जाऊन बघितलं. पडद्यावर विहीर होती.

"काय करायलीस?"

"पुसून टाकते, आजी."

"कामून?"

"मी दाखवली म्हणून आबाला तरास झाला. मला बोललेबी न्हाईत. तसेच..." तिचा हात त्या बटणावर होता. मी तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात धरलं की दोघी दचकलो.

"तुझ्या आबाचं बीपी तुझ्यापेक्षा वयानं मोठं हाय," मी म्हणाले. "मला इचारल्याशिवाय गेला त्यो मानूस, तुझ्यामुळं कशाला जाईल?"

हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"परवा द्यायचंय मला कॉलेजात," ती म्हणाली. "नाही दिलं तर नापास. होऊ दे नापास. आबा न्हाई म्हणाले होते."

आनंद दारात उभा होता, तिचा बाप, आपला पोरगा. तो तुमच्यासारखाच. एकदा ठरवलं की ठरवलं. "आई, आबाचा शब्द हाय," म्हणाला. "शेवटचा हाय. जाऊ दे. पोरगी एक वर्स मागं राहील, काय बिघडलं?"

बिघडलं असतं. वर्षाचं नाही हो. पोरगी जन्मभर समजत राहिली असती, की आपण आबांना दुखवलं आणि मग ती विहीर पुसून त्याची शिक्षा भोगली. आणि मामंजींनी खणलेली, तुम्ही टोपली वाहिलेली, आम्ही शेंदलेली विहीर दुसऱ्यांदा बुजली असती, तीही घरातल्याच हातानं. मी म्हणाले, "पुसायची न्हाई. दाखवायची का न्हाई, ते मी सांगीन. तोवर कुनी हात लावायचा न्हाई." आवाज मोठा काढला. आत काही नव्हतं. काय सांगणार ते मलाच ठाऊक नव्हतं.

सकाळी उठून मी सुमेधाला म्हणाले, "चल. आधी तिच्या जागेवर बघू. तिच्या मापाची." इतके दिवस आपण ती घरातच बघत होतो. फरशीवर, टीपॉयवर. जागेवर नेऊन बघायच्या आतच तुम्ही बंद करायला लावली होती.

जागा म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे. नळ आले, विहीर बुजवली, आणि पुढं विहारापासून आपल्या गल्लीपर्यंत पंचायतीनं सिमेंट टाकलं. आता सगळं सपाट. नेमकी कुठं होती? मी म्हणाले, इथं. जाऊबाई शांताबाई काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "येडी का काय, ती तिकडं व्हती." सुमेधानं फोनमधून विहीर ठेवली. ती विहाराच्या भिंतीत घुसली. सरकवली, तर गल्लीचा रस्ताच गिळला. ऊन चढायला लागलं, फोन तापला, बंद पडायच्या धमक्या द्यायला लागला. शांताबाई आणि मी एकमेकींवर ओरडत होतो आणि पोरगी मधे उभी राहून ओठ चावत होती. आनंद लांबून बघत होता, हात बांधून. मला वाटलं, हेच उत्तर. जागाच सापडत नाही, तर दाखवायची कशाला?

आणि तेव्हा मला तुम्ही दिसलात. भूत नाही हो, आठवण. ड्यूटीवरून येताना, खांद्याला तिकिटांची पेटी. फाट्यावरून आपल्या दारापर्यंत मोकळं सिमेंट, माणूस सरळ चालत येईल. तुम्ही कधी सरळ आलात? विहाराच्या भिंतीकडनं यायचात, मग लिंबाखालून वळसा, मग दार. पाऊस असला तरी. घाईची लघवी लागलेली असली तरी! मी दारातून ओरडायचे, "सरळ या की, घाट लागलाय का मधे?" तुम्ही म्हणायचात, "सवय हाय." मला वाटायचं, गाडीतून उतरूनही ह्यांची गाडी वळणंच घेतेय.

मी चप्पल काढली. तुमच्यासारखी भिंतीकडनं निघाले, तुमच्यासारखा डावा खांदा खाली टाकून. शांताबाई म्हणाल्या, "हिला ऊन लागलं." पण सुमेधाला कळलं. ती माझ्यामागून फोन धरून चालू लागली, आणि जिथं जिथं माझं पाऊल पडेल तिथं फोनमध्ये एक ठिपका ठेवत गेली. दारापर्यंत आलो. तिनं मागं वळून फोनमधून बघितलं. सिमेंटवर ठिपक्यांची कमान पडली होती. तिनं उरलेला गोल पुरा केला आणि त्यात विहीर ठेवली.

बसली. भिंतीला धक्का नाही, रस्ता मोकळा, लिंबाची सावली पूर्वी जिथं पडायची त्याच काठाला येऊन भिडलेली. शांताबाईंनी फोनमध्ये बघितलं आणि काठी दोन्ही हातांनी धरली. "हीच," म्हणाल्या.

अहो, कुणाला दाखवायची नाही म्हणालात! आणि बुजवल्यापासून रोज तुम्हीच ती चालून दाखवत होता. भर दिवसा, आख्ख्या वस्तीला. बघणारी मीच ठोंबी.

पण एवढ्यानं तुमचा 'न्हाई' सुटत नव्हता. तुमचा पाय काय म्हणत होता ते कळलं. तोंडाचं काय? म्हणून मी शिवाण्णांना फोन केला. भांडण आपल्या दोघांचं असलं, तरी त्याचं कारण आळंदला बसलेलं होतं.

ते आले. तुम्ही गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं म्हणे. फाट्यावर उतरले, मला दारात बघितलं, आणि दोन्ही हात पुढं करून सरळ सिमेंटवरून चालत निघाले.

"थांबा!" मी ओरडले. "तिथंच थांबा."

घाबरून थांबले. सुमेधा फोन घेऊन त्यांच्याजवळ गेली आणि खाली धरला. त्यांनी बघितलं. फोनला माणसाचे पाय ओळखून बाजूला ठेवता येत नाहीत अजून, तिला तेवढं शिकवलेलं नाही. त्यामुळं पायांच्या जागी नुसती विहीर. त्यांच्या खाली दगडाचं गोल कडं, त्याखाली आणखी एक कडं, आणि लांब तळाला पाणी. आता ती टीपॉयवर मावणारी नव्हती.

त्यांनी एक पाय उचलला आणि जिथं होता तिथंच परत ठेवला.

"आमच्या गावात बी हेच व्हतं, अक्का," शेवटी म्हणाले. "आमी दुसऱ्या बाजूला व्हतो. गावच्या विहिरीच्या बाजूला."

"ठाऊक हाय."

"त्यानं मला कदी सांगितलं न्हाई."

"तुमी कदी इचारलं?"

"न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "डबा उघडला की त्यो माझी वाट बगायचा. मी आधी हात घातल्यावरच घालायचा. शेवटच्या ड्यूटीपातूर. मला वाटायचं, ड्रायव्हरला मान देतोय."

हे मला ठाऊक नव्हतं. अहो, हे मला ठाऊक नव्हतं. तुमच्या त्या एका डब्याचं एवढं कौतुक मी शेजारणींना सांगत आले. भाकरी थापणारी मी, आणि तुम्ही रोज, दर वेळी, बघत होता की हा माणूस खातोय का.

"दाखव पोरी," शिवाण्णा सुमेधाला म्हणाले. "सगळ्यांला दाखव. मी हितं उभा हाय, तसाच दाखव."

आणि मला राग आला. कशाचा, ते नीट सांगता येणार नाही. माणूस रडत होता, भला माणूस, तरी आला. म्हटलं, "शिवाण्णा, परवानगी मागायला न्हाई बोलावलं तुमाला. ती तुमची न्हाई द्यायची."

आनंद पुढं येऊन "आई!" म्हणाला. शिवाण्णांनी त्याला हातानं थांबवलं. "व्हय अक्का," म्हणाले. "खरं हाय." आणि विहिरीतून बाहेर आले. माझ्याशेजारी, काठावर, उभे राहिले. चहा विचारला तर हो म्हणाले. साखर घातली नाही. त्यांनी मागितलीही नाही.

सुमेधाच्या सरांनी फोनवर सांगितलं की विहीर कॉलेजच्या टेबलावर आण, तिथं बघू. ती म्हणाली, "सर, ती टेबलावर येत नाही. बघायची असेल तर तुम्हाला इथं यावं लागेल. तोवर व्हिडिओ पाठवते." मी तिच्याकडं बघतच राहिले. तुमची नात. व्हिडिओत मी काठाकाठानं चालतेय, तुमच्या वाटेनं. शांताबाई मधेच "पडशील" म्हणून ओरडतात, तेही त्यात आहे. पाठ केलेलं भाषण नाही. विहीर कुणी खणली आणि कामून खणली, तेवढं मी माझ्या तोंडानं सांगितलंय. कीव येईल असं एकही वाक्य नाही, मी तपासलं. तुम्ही असता तर एक तरी काढलं असतंत.

मग ती पाठवायच्या खुणेपाशी येऊन थांबली. फोन तसाच हातात.

"आजी. आबा न्हाई म्हणाले होते."

खरं सांगू? माझ्या त्या 'मग?'चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. विहीर बारकी केली म्हणून तुम्ही हात ठेवलात, की मित्र जाईल म्हणून, की आणखी काही, जे माझ्याही वाट्याला येऊ दिलं नाहीत. मी आता माझ्या सोयीचं काहीतरी ठरवीन आणि 'त्यांची हीच इच्छा होती' असं म्हणत फिरेन, तर ते खोटं. तुमची इच्छा नव्हती. तुम्ही नाही म्हणाला होता, आणि मी ते मोडलं.

"म्हनाले व्हते," मी तिला म्हणाले. "पर ते आता माझ्याकडं हाय. तुझ्याकडं न्हाई." आणि तिच्या हातातला फोन घेऊन मी माझ्या अंगठ्यानं ती खूण दाबली. सही करता येते म्हणून मिरवणारी बाई मी. अंगठा लावायची ही पहिलीच वेळ.

तुम्ही नाही, तेव्हा रागावणारही नाही. पण एवढा मोठा राग बेवारस सोडून चालत नाही, कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतो. म्हणून तो मीच धरते, तुमच्या वतीनं, माझ्यावर. मला सवय आहे. पोरगी काल रात्री पहिल्यांदा रडली, पोटभर, आणि मग झोपली. तिला मी उठवलेलं नाही.